दोन बोटांचं अंतर

क्रूझच्या शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये आलो तर पलंगावर प्राणी नव्हता. रोज तिथे टॉवेलच्या घड्या घालून केलेला कुणीतरी बसलेला असायचा. कधी हत्ती, कधी बदक, एकदा तर माझाच चष्मा लावलेलं माकड. त्या दिवशी फक्त एक कागद आणि १७ नंबरचे चार जांभळे टॅग. बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवा, केबिन सकाळी आठला रिकामी करा. पाहुणचार संपल्याचं इतक्या गुळगुळीत कागदावर मला आजवर कुणी कळवलं नव्हतं.

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. जहाज पहाटे धक्क्याला लागतं आणि त्याच दुपारी नवी माणसं घेऊन निघतं. मधल्या वेळात तीन हजार लोक उतरवायचे, तेवढ्यांच्या चादरी बदलायच्या, आठवड्याचा शिधा भरायचा आणि पुन्हा तीन हजार चढवायचे. आमचं जहाज तसं बेताचंच. २०२४ साली सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर एका वेळी साडेसात हजारांवर प्रवासी मावतात. तिथल्या चादरी कोण मोजत असेल, देव जाणे. एवढ्या माणसांनी सकाळी आपापल्या बॅगा घेऊन लिफ्टसमोर ठाण मांडलं, तर जहाज पुढच्या आठवड्यातही तिथेच उभं दिसेल. म्हणून बॅगा रात्रीच खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये टॅगप्रमाणे रांगेत मांडलेल्या सापडतात. ज्यांना घाई असते ते आपलं सामान आपणच ओढत सर्वांत आधी उतरतात. आमचाही आधी तोच बेत होता. पण चार बॅगा कोण ओढणार या प्रश्नाला बायकोने “अहो, तुम्ही आहात ना!” असं उत्तर दिल्यावर मी मुकाट्याने टॅग लावले.

या रात्रीचा एक नामांकित खड्डा आहे. सगळे कपडे बॅगेत, बॅग गेलेली, आणि सकाळी गृहस्थ नाइट सूटमध्ये. मी सावध होतो. शर्ट, पॅन्ट, मोजे, बूट, पट्टा, सगळं खुर्चीवर नीट काढून ठेवलं. पॅन्ट तीच, जी घालून मी जहाजावर चढलो होतो. अकराच्या सुमारास बॅगांची चाकं पॅसेजमधून घरघरत गेली आणि मी शहाण्या माणसासारखा झोपलो.

पहाटे पलंग थरथरू लागला. जहाज धक्क्याला लावताना बाजूने ढकलणारे पंखे सुरू होतात, त्याचा हा प्रताप. उठलो, तोंड धुतलं, पॅन्ट चढवली. बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं.

श्वास आत घेतला. एक बोट. पलंगावर आडवा होऊन पोट आत ओढलं. अर्धं बोट. मग श्वास सोडावा लागला आणि पुन्हा दोन.

चूक माझी नाही. सात दिवस मी इलॅस्टिकच्या बर्म्युडात काढले होते आणि इलॅस्टिक फार लबाड असतं. ते काही बोलतच नाही. तुम्ही बुफेला तिसऱ्यांदा उठा, रात्री अकराला पिझ्झा खा, ते आपलं समजूतदारपणे सरकत राहतं. पॅन्टचं बटण निदान तोंडावर तरी सांगतं. आता ते सगळं इलॅस्टिक जांभळा टॅग लावून जहाजाच्या पोटात गेलं होतं. सेफ्टी पिनाही तिकडेच.

बायको आधी पोटभर हसली. मग तिने केसांचा रबर काढला, काजातून ओवला, फिरवून बटणात अडकवला, वर शर्ट सोडला आणि म्हणाली, “आता शिंकू नका. आणि बसायचं तर मुळीच नाही.”

दाराखालून बिल आलं होतं. सात दिवस जहाजाने दिलेलं कार्ड टेकवलं की नुसतं टिंग व्हायचं, पैसे गेल्यासारखं वाटायचंच नाही. हे कार्डही इलॅस्टिकचंच भावंड निघालं. बिलाची बेरीज पाहून मी जो श्वास आत घेतला, त्यात बटण लागलं असतं, पण तेव्हा ते सुचलं नाही.

आठला पाच कमी असताना दार वाजलं. रोज हसून चौकशी करणारा आमच्या केबिनचा मुलगा आजही हसतच होता, फक्त त्याच्या मागे चादरींचा डोंगर होता आणि व्हॅक्युम क्लीनर आधीच सुरू झालेला होता.

आम्हाला एका लाउंजमध्ये थांबायचं होतं. बंदरावरचे अधिकारी जहाजाचे कागद पाहून हिरवा कंदील दाखवेपर्यंत कुणालाच पाय बाहेर ठेवता येत नाही, आणि नंतरही नंबरानेच. आदल्या रात्री याच लाउंजमध्ये लोक नाचत होते, आता तेच लोक हँडबॅगा मांडीवर घेऊन दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले होते. उभा असा मी एकटाच. शर्ट पांढरा, पॅन्ट काळी. दहा मिनिटांत एक आजी येऊन मला विचारून गेल्या की १२ नंबर कधी सुटणार. मग एकाने टॉयलेट कुठे ते विचारलं. तिसऱ्याने रिकामा कप हातात दिला. तो मी नेऊन ठेवला. वाद घालायचा तर छाती भरून श्वास घ्यावा लागतो.

दरम्यान लाउडस्पीकरवर काही केबिनच्या रहिवाशांचा नावानिशी उद्धार सुरू झाला. जुना प्रवासी शेवटचा उतरेपर्यंत नवा पहिला चढवायचा नाही, असा तिथला नियम होता. ही मंडळी बहुधा अजून बुफेला होती. खोटं का सांगा, मला त्यांचा हेवाच वाटला.

सतरा नंबर पुकारला. गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर, कार्डाचं शेवटचं टिंग झालं आणि पडद्यावर माझा फोटो आला, पहिल्या दिवशी चढताना काढलेला. सुरक्षारक्षकाने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. इतक्या दिवसांत त्याने असं कधी केलं नव्हतं. मी हसलो. गाल वर गेल्यावर तर तो आणखीच जवळ येऊन बघू लागला.

टर्मिनलमध्ये जांभळ्या टॅगांच्या निदान दोनशे बॅगा होत्या आणि त्यातल्या दीडशे काळ्या. आम्ही ओळखू यावी म्हणून लाल रिबीन बांधली होती. तशी निम्म्या जगाने बांधली होती. चौथी बॅग उचलायला वाकलो तेव्हा टप्प असा आवाज झाला आणि बायकोचा रबर कुणाच्यातरी बॅगांवरून उडत गेला.

एका हाताने पॅन्ट, दुसऱ्या हाताने बॅग धरून मी निघालो तर जमीन डुलायला लागली. समुद्राच्या हेलकाव्यांना सरावलेलं डोकं जमिनीवर आल्यावरही काही काळ तोल सावरत बसतं. बहुतेकांचं हे लवकरच ओसरतं. डॉक्टर त्याला ‘माल द देबार्कमाँ’ म्हणतात. फ्रेंच आहे, अर्थ सरळ, उतरण्याचं दुखणं. मला वाटतं, नाव ठेवणाऱ्याने पहाटेच्या त्या पॅन्टपासूनचं सगळंच धरलं असावं.

बाहेर नव्या प्रवाशांची रांग लागली होती. कडक इस्त्रीची पॅन्ट, नीट खोचलेला शर्ट, अशा एका गृहस्थांनी मला उत्साहाने विचारलं, “कशी झाली सफर?”

मी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. पाचातल्या दुसऱ्या भोकावर होता.

“फार छान,” मी म्हणालो, “फक्त शेवटच्या रात्री बॅग बाहेर ठेवायच्या आधी ही पॅन्ट एकदा घालून बघा.”

ते मोठ्याने हसले. त्यांच्या बायकोने मात्र माझ्या पॅन्ट धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि मोबाइल काढून लिहून घेतलं.