ही जाणीव २०१८ची नाही

फ्रेंच लोक खासगी माहितीबाबत जागरूक झाले ते २०१८च्या युरोपीय कायद्यामुळे, हे तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १९७४ साली 'ल मोंद' या फ्रेंच वृत्तपत्राने सरकारचा 'सफारी' प्रकल्प उघडकीला आणला. नागरिकांच्या वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकाच ओळख क्रमांकाने जोडायचा तो बेत होता. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९७८मध्ये खासगी माहिती जपणारा कायदा आला आणि त्यावर देखरेख करणारी 'क्नील' ही सरकारी संस्था उभी राहिली. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरही नव्हते!

मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहते. इथे बऱ्याच साइट्सवर कुकीजच्या (म्हणजे आपला माग ठेवणाऱ्या छोट्या फाइल्सच्या) परवानगीच्या चौकटीत 'न स्वीकारता पुढे जा' असं बटण असतं आणि माझ्या ऑफिसातले बरेच जण तेच दाबतात. ते आपोआप मिळालेलं नाही. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून क्नीलने २०२१च्या अखेरीस गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. लेखात याचा उल्लेखही नसावा? आता अनेक वृत्तपत्रांच्या साइटवर 'कुकीज स्वीकारा नाहीतर पैसे भरा' असं असतं. आमच्या शेजारच्या निवृत्त बाई अशा वेळी बातमी न वाचताच पान बंद करतात. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांनी काय करायचं, यावर कृपया लिहा.