नोटरी केली म्हणजे फर्म रजिस्टर झाली?

पुण्याच्या नऱ्ह्यात आमचं पुठ्ठ्याच्या कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई भागीदार. सुरुवातीला "घरातल्या घरात कसले कागद?" हेच ऐकलं. बँकेला हवी म्हणून पार्टनरशिप डीड स्टॅम्पपेपरवर करून नोटरी केली. पॅन, जीएसटी, शॉप ॲक्ट सगळं झालं. फर्म रजिस्टर झाली म्हणून पेढेही वाटले!

पुढे भोसरीच्या एका कंपनीने ३ लाख ८० हजारांचं बिल अडकवलं. आधी "पास व्हायचंय", मग "साहेब रजेवर आहेत", आणि आठ महिन्यांनी "तुमचे बॉक्स ओलसर होते". आठ महिने! त्या बॉक्समध्ये त्यांचा माल कधीच परगावी गेला होता.

शिवाजीनगरला वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "फर्म रजिस्टर आहे?" मी ऐटीत जीएसटी सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं. भागीदारी कायदा १९३२, कलम ६९: भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे (रजिस्ट्रार ऑफ फर्म्स) नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. नोंदणीची सक्ती नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. आणि समोरचा मात्र आपल्यावर दावा लावू शकतो. दाव्याआधी नोंदणी केली तर चालतं, पण पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती आपल्यासाठी थांबत नाही. आम्ही वेळेत नोंदणी केली, एवढंच नशीब.

ओलसर मालाचं उत्तरही वकिलांनीच दिलं. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार नसेल, तर तो पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. आमच्याकडे त्यांच्या गेटचा शिक्का मारलेलं डिलिव्हरी चलन होतं. पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर म्हणाल तर "मागच्यासारखेच ५०००" एवढा व्हॉट्सॲप मेसेज. चलनाने वाचवलं.

त्याच कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. कायदा देखणा आहे. पण मला सांगा, ज्याच्या पुढच्या ऑर्डरवर कामगारांचा पगार अवलंबून, त्याच्याविरुद्ध थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार कोण टाकणार? आम्ही टाकली नाही, नुसती नोटीस धाडली. मुद्दल आलं, व्याज सोडलं, आणि ती कंपनी पुन्हा आमच्याकडे फिरकली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भांडण धंदेवाल्याच्या गळ्यात मारणारा कायदा आमच्या कामाचा नाही. कामाची ठरली ती आयकरातली ४३बी कलमाची दुरुस्ती. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये ती पहिल्यांदा लागू होत होती, आणि चक्क एका अकाउंट्स डिपार्टमेंटचा फोन आला, "मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, पेमेंट सोडायचंय." उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी. मला तोंड वाईट करावं लागलं नाही, ते काम आयकराने केलं.

याला दुसरी बाजूही आहे. एका पर्चेसवाल्याने गोड आवाजात विचारलं, "उद्यम रद्द करता का? आपलं जुनं नातं आहे." ट्रेडर्सच्या पैशांना हा नियम लागू नाही, त्यामुळे काहीजण खरेदी तिकडे वळवतात असंही कानावर येतं.

मी त्याला "विचार करून सांगते" म्हटलं. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "दादा, हेच मेलवर पाठवा ना."

मेल अजून आलेला नाही.