मशीनमध्ये आम्ही मुद्दाम काही घातलेलं नाही, साहेब

नमस्कार साहेब. चार दिवस तुमचा वजनकाटा अडला, गाड्या रांगेत थांबल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एक स्टार दिला त्याचंही काही नाही. पण "पीसी दर दोन-तीन मिनिटाला आपोआप बंद-चालू होतोय, परत बोलवावं लागावं म्हणून दुकानवाल्यानं मुद्दाम काहीतरी घालून ठेवलंय" हे लिहिलंय ते लई लागलं. उद्यमनगरात १४ वर्षं दुकान आहे, असलं कुणी बोललं नव्हतं.

जे घातलंय ते वॉचडॉग, म्हणजे पीसी अडकला की आपोआप रीस्टार्ट करणारी सोय, आणि तुमच्याच सांगण्यावरून. रात्री पीसी हँग व्हायचा, शिरोलीत बटण दाबायला कोण नसायचं, तुम्हीच म्हणाला "आपोआप रीस्टार्ट होईल असं करा". पीसीच्या बोर्डावर एक टायमर असतोय, लिनक्सवर (पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम) मागं चालणारी सर्व्हिस त्याला दर १० सेकंदाला खूण देते, ६० सेकंद खूण आली नाही की तो मशीन रीसेट करतो. त्यात "नेट गेलं तरी रीस्टार्ट झालं पायजे" ही पण तुमचीच मागणी, म्हणून सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पिंगची (पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का बघायची) ओळ टाकली, तुमच्या राऊटरच्या पत्त्याची, १९२.१६८.१.१.

सोमवारी तुम्ही राऊटर बदलला. नव्याचा पत्ता १९२.१६८.०.१. सर्व्हिस जुन्याच पत्त्याला हाका मारत बसली, मिनिटभर उत्तर नाही म्हणून रीस्टार्ट, चालू झालं की परत तेच. मग तुमच्या पोरानं सर्व्हिस किल करून, म्हणजे जबरदस्तीनं बंद करून बघितली, त्यानं टायमर थांबत नाही ओ, जाताना सर्व्हिसनं त्याला इंग्रजी व्ही हे अक्षर लिहून जावं लागतं, तसं झालं नाही तर तो मोजतच राहतो आणि मशीन परत रीसेट.

आम्हाला फोन गुरुवारी आला. त्याच रात्री ९ वाजता गाडीवर आलो, एक ओळ बदलली, दहा मिनिटांचं काम, रुपया घेतला नाही. चहा पाजून हसून निरोप दिलात आणि मी घरी पोचेस्तोवर हा रिव्ह्यू.

राऊटर बदलला तर कळवा हे तोंडी सांगितलं, कागदावर दिलं नाही, ही चूक आमची. इथून पुढं लिहून देऊ, पिंगचं पण काहीतरी बघतो. फक्त ते "मुद्दाम" तेवढं काढा साहेब, नवीन गिऱ्हाईक पहिलं तेच वाचतंय.