बोर्रा गुहेच्या पाण्याने मूतखडा विरघळत नाही

अराकूची सहल करून आलेल्या कुणीतरी टाकलेला एक फॉरवर्ड सध्या गोव्यात डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण तो आमच्या आतेपर्यंत पोचला. तिला मूतखडा आहे. डॉक्टरांच्या गोळ्या डब्यात ठेवून ती शेजारणीने आणलेल्या बाटलीतलं पाणी अनशापोटी घ्यायला लागली, तेव्हा म्हटलं आता लिहावंच लागणार.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. आंध्रात अराकूजवळच्या बोर्रा गुहेत छतातून ठिबकणारं पाणी मूतखडा विरघळवतं. तिथलं स्वयंभू लिंग दरवर्षी एक इंच वाढतं. तिथल्या खांबाचा तुकडा देव्हाऱ्यात ठेवला की घराची भरभराट होते. गुहा 1807 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी शोधली. आणि आपल्या साखळीजवळच्या हरवळेच्या गुहेतही असंच तीर्थ ठिबकतं, पण सरकार ते लपवतं!

आधी पाणी. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीतला चुना विरघळवत खाली येतं. गुहेच्या छताला थेंब लोंबला की तो वायू निसटून जातो आणि चुना तिथेच बसतो. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना लवणस्तंभ म्हणून घोकलं ते असे होतात, वरून लोंबणारेही आणि जमिनीवरून उठणारेही. म्हणजे जे पाणी थेंबाथेंबाने दगड बांधत आलंय, ते पोटात गेल्यावर दगड फोडणार! मूतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि या पाण्यात कॅल्शियम आधीच भरलेलं. ते खडा कशाच्या जोरावर विरघळवणार?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मूतखडा असेल तर भरपूर पाणी प्यावं हे खरं, आणि बारीक खडा लघवीवाटे पडूनही जातो. पण ते काम घरच्या नळाचं पाणीही करतं. ज्यांना 'गुण आला' त्यांचा खडा असाच पडला असणार. मोठा खडा वाटेत अडकला आणि त्यात थंडी वाजून ताप आला, तर दिवस नाही, तासांचा हिशेब असतो. किडनी कायमची जाऊ शकते. अशा वेळी गोळ्या डब्यात आणि बाटली उशाशी, याला काय म्हणायचं? ती बाटली मी उजेडात धरून पाहिली. तळाला तांबूस गाळ बसलेला, बुचाच्या आत बुळबुळीत थर. त्या गुहेत वटवाघळं राहतात, हे फॉरवर्डवाल्याने लिहिलेलं नाही. आतेचं म्हणणं, "अरे, विशाखापट्टणमचे लोक त्याच नदीचं पाणी पितात." पितात ना. बोर्रा गुहेतून वाहणाऱ्या गोस्तनी नदीचं पाणी शहराला जातं, पण शुद्ध करून.

दरवर्षी एक इंच? दीडशे वर्षांत साडेबारा फूट झाले असते. मेघालयात चेरापुंजीजवळ मावम्लुह नावाची गुहा आहे. तिथल्या जेमतेम फूटभर लवणस्तंभात आठ हजारांहून जास्त वर्षांची वाढ सापडली. त्याच्या थरांत सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पावसाने दिलेल्या मोठ्या दग्याची खूण आहे, आणि तिच्याच आधारावर 2018 साली आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातल्या आपल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं. वर्षाला एक इंच सोडा, मिलिमीटरचा दहावा भाग वाढला तरी खूप.

म्हणूनच देव्हाऱ्याच्या तुकड्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दोन इंच मोडायला एक हिसका पुरतो, ते परत यायला हजार वर्षंही अपुरी. तो खांबच कुणी मावम्लुहमधून घरी नेऊन हळदकुंकू वाहिलं असतं, तर? मोडायचं राहू दे, नुसता हात फिरवला तरी त्वचेचं तेल दगडावर बसतं आणि चुना नीट धरत नाही. ज्याला स्वयंभू म्हणायचं, त्याचाच लचका तोडून पिशवीत घालायचा, ही कुठली भक्ती?

1807चं म्हणाल तर ते आकडे बऱ्याच ठिकाणी छापलेले दिसतात. पण भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झालं 1851 साली. तेव्हा 1807 मध्ये त्या खात्याचा माणूस कुठून येणार?

राहिलं हरवळे. ती गुहा मुळात चुनखडीची नाहीच. जांभ्यात माणसांनी छिन्नीने कोरलेली आहे. जांभा म्हणजे लाखो पावसाळे खाऊन चुना-बिना पार धुऊन गेलेला, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं उरलेला दगड. पावसाळ्यात तिथे छत ठिबकलं तर ते गळणंच, आपल्या घराचं गळतं तसं. आणि सरकार लपवतंय म्हणे! हरवळेचा धबधबा बघायला येणारे टुरिस्ट वाट विचारत तिथे जातात, पाटी वाचतात आणि फोटो काढतात.