रक्त नको, प्लाझ्मा मागा?

"अपघातात खूप रक्त गेलं असेल तर रक्त शोधत वेळ घालवू नका, प्लाझ्मा मागा. तो कोणालाही चालतो, लगेच मिळतो, त्याचा काही त्रास नाही आणि त्याने मृत्यू 30 टक्क्यांनी कमी होतात हे सिद्ध झालं आहे."

हा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यातलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवरून निघालं आहे आणि वाटेत वाकडं झालं आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

"रक्त शोधू नका, प्लाझ्मा मागा"

रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट बाजूला काढल्या की उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. प्राणवायू वाहून नेतात तांबड्या पेशी. प्लाझ्माच्या दहा पिशव्या लावल्या तरी ते काम होत नाही.

मग देतात कशाला? त्यात रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, आणि जबर जखमी माणसाचं रक्त ऐन वेळी गोठेनासं होतं. पूर्वी डॉक्टरांची समजूत अशी होती की आपणच लिटरच्या लिटर सलाईन ओततो, रक्त पातळ होतं, म्हणून असं घडतं. 2003 साली लंडनमधल्या डॉक्टरांनी हजारभर जखमींच्या नोंदी तपासल्या. जवळपास दर चौघांपैकी एकाची गोठणक्रिया रुग्णालयात पोचतानाच बिघडलेली होती, आणि दिलेल्या सलाईनशी त्याचा संबंध लागत नव्हता. अशांपैकी 46 टक्के दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास होतं. जबर मार आणि शरीराला रक्त अपुरं पडणं, एवढ्यानेही गोठणक्रिया ढासळते. त्यावर सलाईनचा मारा झाला की उरलीसुरली प्रथिनं विरळ होतात, अंग गार पडतं, रक्त आणखी वाहतं.

म्हणून आता तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता प्लाझ्मा सुरुवातीपासून देतात. पण तांबड्या पेशींच्या सोबत, त्यांच्याऐवजी नव्हे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉपर या चाचणीत 680 जखमी होते. एका गटाला प्लाझ्मा, प्लेटलेट आणि तांबड्या पेशी समसमान दिल्या, दुसऱ्याला तांबड्या पेशी दुप्पट. पहिल्या 24 तासांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू समसमान गटात 9.2 टक्के, दुसऱ्यात 14.6 टक्के. तीस दिवसांचे एकूण मृत्यू मात्र 22.4 आणि 26.1 टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान. शिवाय पहिल्या गटाला प्लेटलेटही जास्त मिळाल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय प्लाझ्माला देता येत नाही.

गंमत म्हणजे रक्ताऐवजी प्लाझ्मा हा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य वाळवलेल्या प्लाझ्मावर भिस्त ठेवून उतरलं. 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर एडवर्ड चर्चिल या शल्यचिकित्सकाने स्पष्ट सांगितलं की खूप रक्त गेलेल्या सैनिकाला रक्तच लागतं, नुसता प्लाझ्मा पुरत नाही. पुढे युरोपातल्या आघाडीसाठी विमानाने रक्त पाठवावं लागलं.

"तो कोणालाही चालतो"

इथे पेशींचा नियम प्लाझ्माला चिकटवला आहे. ओ निगेटिव्ह गटाच्या तांबड्या पेशी सर्वांना चालतात. प्लाझ्माचं गणित बरोबर उलटं. ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) असतात, ती घेणाऱ्याच्या पेशी फोडू शकतात. सर्वांना चालतो तो एबी गटाचा प्लाझ्मा, आणि एबी गटाचे दाते सर्वांत कमी. त्या टंचाईमुळे बरीच अपघात केंद्रं गट कळेपर्यंत ए गटाचा प्लाझ्मा देतात, कारण त्यातली बीविरोधी प्रतिपिंडं सहसा कमी असतात. आरएच, म्हणजे रक्तगटातलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, मात्र प्लाझ्मासाठी सहसा जुळवावा लागत नाही; गैरसमज बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

"लगेच मिळतो"

तांबड्या पेशींची पिशवी शीतकपाटातून काढली की लावता येते. प्लाझ्मा बहुतेक ठिकाणी उणे 18 अंशांखाली गोठवलेला असतो. तो 37 अंशांच्या पाण्यात वितळायला 20 ते 30 मिनिटं जातात, आणि वितळल्यावर पुन्हा गोठवता येत नाही. मोठी केंद्रं काही पिशव्या आधीच वितळवून ठेवतात. त्या न वापरल्या तर फेकाव्या लागतात. फ्रान्स आणि जर्मनीत पाण्यात कालवून काही मिनिटांत तयार होणारा भुकटीचा प्लाझ्मा आहे, पण सर्वत्र नाही.

"त्याचा काही त्रास नाही"

अंगावर गांधी उठण्यापासून फुफ्फुसांत पाणी भरून जीव धोक्यात येण्यापर्यंत सगळं होऊ शकतं. फुफ्फुसांच्या त्या आघाताला दात्याची प्रतिपिंडं कारणीभूत असतात. ती अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या रक्तात जास्त आढळतात, म्हणून काही देशांत प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांनाच पसंती देतात. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. रक्त धो धो वाहत असेल तर हे धोके पत्करायचेच. पण "काही त्रास नाही" म्हणू नये.

"मृत्यू 30 टक्क्यांनी कमी होतात"

हा आकडा कुठून आला ते ओळखता येतं. 2018 च्या पँपर चाचणीत हेलिकॉप्टरने नेलेल्या 501 जखमींपैकी काहींना वाटेतच दोन पिशव्या प्लाझ्मा दिला. तीस दिवसांत त्यांच्यातले 23.2 टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत 33 टक्के. म्हणजे शंभरातले दहा वाचले. तेहतिसातून दहा गेले की "30 टक्के" होतात. निष्कर्ष चांगलाच आहे. पण त्याच वर्षी डेन्व्हर शहरात रुग्णवाहिकेतल्या 125 जखमींवर अशीच चाचणी झाली आणि काहीच फायदा दिसला नाही. दोन्हींची आकडेवारी एकत्र केली तेव्हा फायदा दिसला तो वाटेत 20 मिनिटांहून जास्त लागली त्यांना. ब्रिटनमधल्या 432 जखमींच्या रीफिल चाचणीत वाटेत तांबड्या पेशी आणि भुकटीचा प्लाझ्मा दिला, तरी सलाईनपेक्षा सरस ठरल्याचं दाखवता आलं नाही. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला आकडा घेतला, बाकीचे सोडले.

मला सर्वांत खटकलं ते यात नसलेलं वाक्य. प्लाझ्मा गुठळी धरायला मदत करतो. फाटलेली मोठी धमनी गुठळीने बंद होत नाही. तिला दाब लागतो, हातापायावर असेल तर करकचून टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) लागतो, आणि शेवटी शल्यचिकित्सकाचे हात लागतात. कोणती पिशवी आधी लावायची हे रुग्णालयातले डॉक्टर आणि रक्तपेढी मिळून ठरवतात, नातेवाइकांनी प्लाझ्मा मागितला म्हणून तो क्रम बदलत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ते सोडून न बघणं, हे मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही जमतं.