‘सिस्टर लोकांची आरती ओवाळलीत’ या कॉमेंटला उत्तर

ताई, तुमची कॉमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले आणि अर्ध्यात बंद केलं, कारण मी नुसती स्वतःची बाजू मांडत होते. दोन दिवस डोक्यात घोळवून आज लिहितेय, लांबेल थोडं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी बाळंतपणाच्या आणि बच्चा वॉर्डच्या नर्सिंगवर जो लेख लिहिला त्यावर ताईंचं म्हणणं असं की, एक तर मी सुईणींना एका ओळीत ‘अडाणी’ म्हणून निकालात काढलं आणि ताईंची आजी स्वतः सुईण होती. दुसरं, मी सिस्टर लोकांची आरती ओवाळली, पण ताईंच्या स्वतःच्या डिलिव्हरीत सोळा तास त्या एकट्या पडून होत्या, आईला आत सोडलं नाही, सिस्टर ओरडल्या, मांडीवर चापट मारली. आणि तिसरं, इंग्रजांनी आणलेल्या नर्सिंगने आपलं चांगलं चाललेलं मोडलं.

‘अडाणी’ हा शब्द मी काल लेखातून काढला. तो चुकीचाच होता.

आता तुमच्या रात्रीबद्दल. त्या सिस्टरने जे वाक्य ऐकवलं ते तुम्ही लिहिलंय, मी इथे परत लिहिणार नाही, पण ते वाक्य मी आमच्या लेबर रूममध्ये सुद्धा ऐकलंय आणि ज्या ज्या वेळी ऐकून गप्प बसले त्याची मला आज लाज वाटते. चापट मारणं चूक, पोटावर कोपराने दाब देणं चूक, न विचारता तपासणं चूक. मी सत्तावीस वर्षं ड्युटी केली, त्यातली बरीचशी लेबर रूमला, आणि मी पण ओरडलेय. एक रात्र तर विसरणं शक्यच नाही. तीन टेबलं भरलेली, मी एकटी स्टाफ आणि एक मावशी, एकीची वार अडकलेली, दुसरीचं बाळ नुकतंच बाहेर आलेलं आणि रडत नव्हतं, आणि तिसरी पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, सारखी “सिस्टर इकडे या ना” म्हणून हाका मारत होती. मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती एकदम गप्प झाली आणि पुढचे दोन तास तिने कळा दाबून सोसल्या, एक आवाज नाही काढला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली, पण तिचं ते गप्प होणं माझ्या मनातून गेलं नाही. नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो की लेबर रूममध्ये दर ड्युटीला एका टेबलामागे एक नर्स पाहिजे. ती कुठे होती त्या रात्री? पण हे सगळं त्या पोरीला काय माहीत, तिला फक्त एवढंच कळलं की हाक मारली की ओरडा बसतो.

म्हणून तुमच्या कॉमेंटमधला मला सगळ्यात खरा वाटलेला शब्द ‘एकटी’. बाकी सगळं त्याच्या पोटातून येतं असं माझं मत आहे.

तुमच्या आजी काय करायच्या हे तुम्ही लिहिलंय, रात्रभर कंबर चोळत बसायच्या, गरम पाणी द्यायच्या, उकिडवं बसवून आढ्याला बांधलेला दोर धरायला लावायच्या. यातलं बहुतेक सगळं आज डब्ल्यूएचओ सांगतं हो. बाईला हवं तसं बसू द्या, फिरू द्या, पाणी-पेज द्या, सोबत कोणीतरी ठेवा. 2020 साली त्यांनी कळा चालू असताना भरायचा जो नवीन तक्ता काढला त्यात बाळाचे ठोके, बीपी, पिशवीचं तोंड किती उघडलं हे सगळं आहेच, पण वरच्या बाजूला सोबत कोण आहे, वेदना कमी करायला काय केलं, तोंडावाटे काही पाणी-बिणी दिलं का आणि ती कुठल्या पोझिशनमध्ये आहे, हे चार रकाने आहेत. म्हणजे सोबतीची नोंद ठोक्यांच्या शेजारी करायची. माझ्या ट्रेनिंगमध्ये यातलं काही नव्हतं, आम्हाला टेबलवर उताणं झोपवायचं एवढंच माहीत, आणि ते उताणं झोपवणं सोयीचं कोणाला तर तपासणाऱ्याला.

आणि मिडवाइफ (म्हणजे शिकलेली सुईण) कमी, डॉक्टर मोठा, असं जे आपल्या मनात बसलंय त्याला व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमधला एक जुना हिशोब बघा. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात मिडवाइफ शिकणाऱ्या बायका. 1846 साली डॉक्टरांच्या विभागात 4010 बाळंतपणांत 459 बायका गेल्या, मिडवाइफच्या विभागात 3754 मध्ये 105. बायका पाया पडायच्या म्हणे आम्हाला दुसऱ्या विभागात घ्या म्हणून. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होती, आणि सेमेलवाइज नावाच्या डॉक्टरने 1847 मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले तेव्हा मृत्यू झपाट्याने खाली आले. तरी त्याचं बरीच वर्षं कोणी ऐकलं नाही.

पण आता इथेच मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. हात सुईणीचेही धुतलेले नसायचे. नाळ विळ्याने, ब्लेडने, जे हाताशी असेल त्याने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कधीतरी बाळ अंगावर प्यायचं बंद करायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. धनुर्वात. मला नेहमी वाटतं की पाचवी पुजायची, सटवाई येते म्हणून दिवा जागता ठेवायचा, रात्रभर बाळाला एकटं सोडायचं नाही, यामागे पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांत बाळं जाताना बघितलेल्या बायकांची भीती असणार. आपला देश आई-बाळाच्या धनुर्वातातून मुक्त असं जाहीर झालं 2015 साली, इतकं अलीकडे, आणि ते कसं झालं तर गरोदरपणातली दोन इंजेक्शनं, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काहीही न लावणं. सुईणीची माया कमी होती म्हणून ही बाळं गेली नाहीत, तिला कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून गेली. शिवाय बऱ्याच गावांत हे काम विटाळाचं म्हणून ठराविक जातींच्याच बायकांवर टाकलेलं, पदरात पायलीभर धान्य आणि एखादं लुगडं, आणि काम झालं की तीच बाई ओसरीच्या बाहेर. हे पण ‘आपलं चांगलं चाललेलं’ यात मोजायचं का ताई?

शिकवलं तर काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं, बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसा मोजायचा, बाळ गार पडलं तर काय, न्यूमोनिया-सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) कसा ओळखायचा, अगदी इंजेक्शन द्यायला सुद्धा, आणि सुईणींनाही सोबत घेतलं. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते ना, ती पद्धत तिथून आली. म्हणजे घरी येऊन बाळंतिणीजवळ बसणारी बाई परत आली, फक्त आता तिच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाटा आहे.

इंग्रजांनी आणलं हे अर्धं खरं. मुंबईचं कामा हॉस्पिटल 1886 चं, पैसा पारशी शेठजींचा, आणि बायकांनी बायकांसाठी चालवायचं म्हणून डॉ. एडिथ पीची विलायतेतून आल्या, कारण पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा बायका घरी मरण पत्करायच्या. नर्सिंगच्या पुस्तकांत पहिली भारतीय शिकाऊ नर्स म्हणून काशीबाई गणपत हे नाव येतं, 1891, जे.जे. हॉस्पिटल. आणि पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी विधवा बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं तेव्हा केवढं बोलणं खावं लागलं, परक्याची घाण काढायची, परपुरुषाला हात लावायचा म्हणून. तेव्हा या बायका कोणाचं काही हिसकावून घ्यायला आल्या नव्हत्या. घरातून बाहेर पडायला त्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती.

मोडलं ते स्वातंत्र्यानंतर, आणि हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं, राहिलं. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) म्हणजे मुळात गावची शिकलेली सुईणच. दोन वर्षांचं ट्रेनिंग, त्यात बाळंतपणाला चांगला वेळ. 1973 ला सरकारची कर्तारसिंग समिती आली आणि एएनएमची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली, 1977 नंतर कोर्स दीड वर्षाचा झाला आणि बाळंतपण शिकायचा वेळ कापला गेला. मग लसीकरण, मलेरिया, रजिस्टरं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुटुंबनियोजनाचं टार्गेट, मार्चअखेर जवळ आला की आमच्या एएनएम मैत्रिणी ‘केसेस’ शोधत वस्त्यांवर फिरायच्या. ते टार्गेट 1996 ला काढलं, पण तोपर्यंत गावाला नर्सबाई म्हणजे ऑपरेशनवाली बाई एवढीच ओळख राहिली. बाळंतपण करायचा हात गेला तो गेलाच.

आणि मग 2005 ला जननी सुरक्षा योजना, दवाखान्यात बाळंतपण केलं की पैसे देणारी. महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं त्या सुमाराला साधारण 65 टक्के होती, 2019-21 च्या पाहणीत 94.7 टक्के. हे चांगलंच झालं, आपल्या राज्यात लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू 33 वर आले (2018-20 चा आकडा) ते काय उगाच नाही. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, 10 युनिट, एवढ्या साध्या गोष्टीने किती बायका रक्तस्रावातून वाचल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि हे इंजेक्शन तुमच्या आजींकडे नव्हतं. पण बायका आल्या त्या प्रमाणात स्टाफ वाढला नाही. गर्दी आली, सुईण बाहेर राहिली, आई बाहेर राहिली, आणि आत तुम्ही सोळा तास.

बाळांच्या बाबतीत पण हेच. इंग्लंडमध्ये मुलांच्या वॉर्डात आईला आठवड्यातून ठराविक वेळीच भेटू द्यायचे, पोर रडतं म्हणून. शेवटी 1959 च्या प्लॅट समितीने सांगितलं की आईला येऊ द्या, राहू द्या. आपल्याकडे बच्चा वॉर्डात आई कायम कॉटवरच, त्या बाबतीत आपण शहाणे, पण कमी वजनाच्या बाळांचं युनिट आलं आणि आपणही काच लावून आईला बाहेर उभं केलं. मी त्या युनिटला चार वर्षं होते. सलाइनचा मायक्रोड्रिप सेट लावायचा, साठ थेंबांचा एक मिली, म्हणजे तासाला पाच मिली द्यायचं तर मिनिटाला पाच थेंब, घड्याळ हातात धरून मोजत बसायचं, बाळाची शीर माझ्या शिवायच्या दोऱ्याएवढी. असं काम करताना आत आई नको वाटायची, खरं सांगते. पण कोलंबियात बोगोटाला 1978 मध्ये इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. रे सानाब्रियांनी बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, आणि 2021 ला पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं, दिसलं की एक ते 1.8 किलोच्या बाळाला स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच असं ठेवलं तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे काचेबाहेर आम्ही जिला उभं केलं होतं तीच औषध होती.

2018 पासून सरकारने आधीच नर्स असलेल्यांना दीड वर्षाचं वेगळं मिडवाइफचं ट्रेनिंग द्यायचं धोरण काढलंय, पूर्णवेळ बाळंतपणच करणाऱ्या. मला ते मनापासून हवंय. अशी प्रत्येक तालुक्याला मिळाली असती तर तुमची रात्र वेगळी गेली असती.

तुम्ही शेवटी लिहिलंय की धाकट्या बहिणीला पुढच्या महिन्याची तारीख आहे आणि तुम्हाला भीती वाटते. मग हे करा. ‘आत कोणाला सोडायचा नियमच नाही’ असं तुम्हाला सांगितलं गेलं ते खोटं आहे. सरकारी दवाखान्यात कळा येणाऱ्या बाईसोबत एक जण ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलंय, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली बाई, आणि आडपडद्याची सोय असेल तिथे नवरा सुद्धा. तारखेच्या आधी एकदा जाऊन इन्चार्ज सिस्टरला भेटा, रात्रीच्या ड्युटीत नको, सकाळी दहानंतर, आणि ‘बर्थ कम्पॅनियन म्हणून मी येणार आहे’ असं स्पष्ट सांगा. आत गेल्यावर तिला डाव्या कुशीवर वळवा, चालू शकत असेल तर चालवा, घोट घोट पाणी द्या, कंबर चोळा, आजींचं बघून तुम्हाला येतच असेल. तपासायला आले की ‘काय करताय’ विचारा, विचारायचा हक्क आहे. पोटावर कोणी दाब द्यायला लागलं तर नको म्हणा. बाळ झालं की पुसून सरळ आईच्या छातीवर, पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चीक फेकायचा नाही, मध-पाणी-गुटी काही नाही. नाळेला काही लावायचं नाही. आणि अधूनमधून बाळाचं पोट आणि तळपाय हाताच्या पाठीमागच्या बाजूने बघत राहा, पोट गरम पण पाय गार लागले तर लगेच उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, टोपडं घाला, आणि पोटही गार लागलं तर थांबू नका, सिस्टरला हाक मारा, ती ओरडली तरी मारा.