‘३० नगांवर सीपीके १.३३ आला की विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

“पुस्तकी पंडितांनी शॉपफ्लोअरवाल्यांना उगाच घाबरवू नये. ३० नगांवर सीपीके १.३३ आला की विषय संपला,” असं तुम्ही माझ्या सीपीकेवरच्या लेखावर लिहिलंत. (सीपीके म्हणजे मापं टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, मर्यादेत किती सैल बसतात ते सांगणारा आकडा; मोठा तितका बरा.) मतभेदाला माझी हरकत नाही, पण हा सूर कशासाठी? ‘पुस्तकी’ हा शब्द मला लागला. माझी उमेदीची वर्षं लेथशेजारी, मायक्रोमीटर हातात धरून गेली आहेत. ग्राहकाने परत धाडलेल्या पेट्या उघडून एकेक शाफ्ट मी स्वतः मोजलाय, आणि त्या पेट्यांबरोबर गेलेल्या रिपोर्टवरचा सीपीकेही झकासच होता. आधी माणूस कोण ते विचारायचं, मग शिक्का मारायचा.

लेख लांबला, हे मान्य. सूत्रं शेवटी टाकता आली असती.

आता तुमचे ३० नग. त्यांवरून निघालेला १.३३ हा अंदाज आहे. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर खरा आकडा साधारण ०.९७ ते १.६९ मध्ये कुठेही असू शकतो, तोही प्रक्रिया स्थिर आणि मापं नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात विखुरलेली, असतील तर. सरासरी मध्यावर धरली, तर १.३३ ला दहा लाखांमागे ६५च्या आसपास नग बाद होतात, ०.९७ ला सुमारे ३,६००. यात विषय कुठे संपला?

शिवाय ते नग उचलले कसे? सलग उचलले असतील, तर इन्सर्ट, म्हणजे लेथच्या हत्याराचं कापणारं पातं, झिजायच्या आतच तुमचं मोजमाप आटोपलं. २५ मिमीचा शाफ्ट घ्या, टॉलरन्स ±०.०२०. दर तासाला ५ नग, सरासरी रेंज (त्या पाचांतल्या मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान मापातला फरक) ०.००९३. तिला २.३२६ ने (५ नगांच्या गटासाठी ठरलेला स्थिरांक) भागलं की सिग्मा, म्हणजे मापांचा पसारा, ०.००४, आणि पाळीभराची सरासरी मध्यावर असेल तर सीपीके १.६७. वा! पण इन्सर्ट झिजेल तसा व्यास वर सरकत जातो. पाळीचे सगळे नग एकत्र धरून सिग्मा ०.००७५ निघाला, की पीपीके, म्हणजे तोच हिशोब पण सगळ्या पाळीच्या पसाऱ्यावर, ०.८९. नग तेच, मापं तीच. ग्राहकाच्या हातात पडतो तो हा दुसरा आकडा. आधी कंट्रोल चार्ट (मापं वेळेनुसार कशी सरकतात ते दाखवणारा आलेख) बघा, असं मी कळकळीने लिहिलं ते यासाठी. त्याला तुम्ही ‘घाबरवणं’ म्हणता.

गेज आणि एकतर्फी टॉलरन्सबद्दलच्या तुमच्या शंकांची उत्तरं लेखातच आहेत. लेख न वाचताच लिहायचं असेल, तर माझा इलाज नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा नग कुठल्या क्रमाने उचलले आणि एक्स-बार आर चार्ट (सरासरी आणि रेंजचा कंट्रोल चार्ट) कसा दिसत होता, तेवढं सांगा. त्याशिवाय तुमच्या १.३३ वर मी सही करणार नाही.